पानिपतच्या पुढचे करनाल

महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले की आपण दिल्लीकर त्यांना पानिपतला काला अंब दाखवायला नेतो आणि तिथूनच परत फिरतो. मीही अनेक वर्षे तेच केले. त्याच रस्त्याने आणखी पस्तीसेक किलोमीटर गेले की करनाल लागते, कल्पना चावलाचे गाव. आता तर ते एनसीआरमध्येच आले.

घरी तिला मोंटू म्हणत. शाळेत नाव घालताना कल्पना हे नाव तिने स्वतःच निवडले. तिथल्या टागोर बालनिकेतनमधून १९७६ साली शालेय शिक्षण संपले, १९८२ साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून एअरोनॉटिकलची पदवी घेतली, मग अमेरिका आणि १९८८ साली डॉक्टरेट. नासाच्या एम्स केंद्रात ती विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची गणिते संगणकावर मांडत असे. विमाने स्वतः चालवायचीही हौस! ग्लायडरपासून पाण्यावर उतरणाऱ्या विमानापर्यंतचे परवाने तिच्याकडे होते, इतरांना शिकवण्याचासुद्धा. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून तिची निवड झाली.

तिच्यावरच्या भाषणांत एक प्रसंग सहसा वगळला जातो. मला तोच महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिल्याच उड्डाणात तिने कोलंबिया यानाच्या यांत्रिक हाताने स्पार्टन हा सूर्याचा अभ्यास करणारा उपग्रह सोडला. तो कामाला लागलाच नाही. परत पकडायला गेली, तर गिरक्या घेऊ लागला. शेवटी दोघा सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन ते सव्वा टनाहून जड धूड हातांनी धरले. बोट अर्थातच कल्पनाकडे दाखवले गेले. पुढे चौकशी झाली, तेव्हा दोष संगणकाच्या आज्ञाप्रणालीत आणि यानातल्या व जमिनीवरच्या ठरलेल्या कार्यपद्धतीत निघाला. असा ठपका एकदा आला की मोठे काम पुन्हा हाती येणे किती अवघड, हे आपल्यातल्या नोकरदारांना सांगायला नको. स्पार्टन पुढच्याच वर्षी पुन्हा अंतराळात गेला. तिलाही दुसरे उड्डाण मिळाले, मात्र २००३ साली.

१६ जानेवारीला ती त्याच कोलंबियातून निघाली. दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. सातही जण पुढे सोळा दिवस पाळ्या लावून ऐंशीच्या आसपास प्रयोग करत राहिले. १ फेब्रुवारी, शनिवार. इथे संध्याकाळचे साडेसात वाजत होते. उतरायला सोळा मिनिटे उरली असताना यानाचे तुकडे झाले. कोणीही वाचले नाही.

करनालच्या त्या शाळेत तेव्हा मुले तिच्या परतीचा आनंद साजरा करायला जमली होती. या शाळेतल्या दोघा विद्यार्थ्यांना १९९८ पासून दर उन्हाळ्यात नासाचे बोलावणे येत असे. ती सोय कल्पनानेच करून दिली होती.