दुष्काळ, गाठीचा ताप आणि शाहू महाराज

राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र कोल्हापूरकरांना सांगण्याचे धाडस मी सहसा केले नसते. वेदोक्ताचा वाद, वसतिगृहे, १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम, खासबागेचे मैदान, पैलवान, गवई आणि नट, हे सारे या पानाच्या वाचकांच्या घरात पिढ्यान्पिढ्या बोलले गेलेले आहे. परंतु माझे राहणे मच्छे गावी, बेळगावच्या दक्षिणेस खानापूर रस्त्यावर. सीमेच्या या टोकाकडून पाहताना महाराजांच्या आयुष्यातली जी चार-पाच वर्षे मला सर्वांत कसोटीची वाटतात, त्यांच्याविषयी आपल्याकडे फार बोलले जात नाही. ती वर्षे १८९६ ते १९०० ची. त्या काळात एका तरुण राजाच्या दारात आधी दुष्काळ आला, त्यामागून गाठीचा ताप आला, आणि दोन्ही घरात असतानाच पुन्हा दुष्काळ आला.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलकर घाटग्यांच्या घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षे काढल्यावर १८९० पासून धारवाडास फ्रेजरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मिरजेहून धारवाडास जाणारा लोहमार्ग बेळगाव सोडल्यावर आमच्या शिवाराजवळून देसूरकडे जातो. तेव्हा हा राजपुत्र वर्षातून काही वेळा आमच्या गावाकडे गाडीच्या खिडकीतून पाहत गेला असेल, असे मला उगाच वाटत राहते. त्या काळी कानडी मुलखाशी त्यांची जी ओळख झाली, ती पुढे उपयोगी पडली असणार. कारण करवीर राज्याचे रायबाग आणि कटकोळ हे तुकडे आज ज्याला बेळगाव जिल्हा म्हणतात त्यातच विखुरलेले होते.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा त्यांचे वय विसाच्याही आत होते. घडी बसते न बसते तोच १८९६ च्या पावसाने शेवटी शेवटी दगा दिला. खरिपाचे पीक हाती लागेना आणि रब्बीची आशा उरेना.

दुष्काळ म्हणजे धान्य नसणे, असे आपण समजतो. जुन्या जाणत्या माणसांना विचारावे तर ते वेगळेच सांगतात. धान्य पेवात असते, वखारीत असते. नसतो तो मजुराच्या कनवटीला पैसा. भाव चढणार हे दिसले की व्यापारी हात आखडता घेतो आणि मग धान्य असून माणूस उपाशी राहतो. महाराजांनी नेमके इथेच बोट ठेवले. भुदरगड, पन्हाळा अशा डोंगरी भागांत ते स्वतः फिरले. व्यापाऱ्यांना बोलावून बेताच्या दराने धान्य विकण्यास राजी केले आणि त्यात येणारी तूट दरबाराने सोसली. स्वस्त धान्याची दुकाने निघाली. ज्यांच्या अंगात काम करण्याचे बळ होते त्यांच्यासाठी रस्ते, विहिरी आणि तलाव यांची कामे काढली. ज्यांना ते नव्हते त्यांच्यासाठी अन्नाची सोय असलेले आश्रम उघडले. शेतकऱ्याला तगाई दिली, आणि जनावरे जगावीत म्हणून सरकारी रानांत चराईची मोकळीक दिली.

यातले बरेचसे त्या काळच्या इंग्रजी दुष्काळ-नियमांतही सापडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु एक गोष्ट मला विशेष वाटते. कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही मुले उन्हात पडून राहत, म्हणून कामाच्या ठिकाणी त्यांना सांभाळण्याची घरे काढली गेली. मुलाला पाठीशी बांधून दगड वाहणारी बाई ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे, त्यालाच ही गोष्ट सुचते. कचेरीत बसून तक्ते भरणाऱ्याला ती सुचत नाही.

दरम्यान सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला होता. येथे रेल्वेचा दुटप्पीपणा ध्यानात घेण्यासारखा आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा प्रारंभ १८८८ साली बाल-महाराजांच्याच हस्ते झाला आणि १८९१ साली गाडी सुरू झाली. दुष्काळात बाहेरचे धान्य आणायचे तर हाच रस्ता. आणि मुंबई-पुण्याची साथ आत यायची तर तीही याच रस्त्याने. गाडी बंद करावी तर माणसे उपाशी मरणार, चालू ठेवावी तर साथीने मरणार.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब यांनी त्याचा अंमल कसा केला, हे वाचकांना ठाऊक आहेच. गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, देवघरात बूट गेले, बायामाणसांची तपासणी रस्त्यावर झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. त्या घटनेची राजकीय बाजू इतिहासाने पुष्कळ लिहिली आहे. मला येथे तिची कारभाराची बाजू दिसते. ज्या घरात आजारी माणूस आहे ते घरच जर सरकारपासून आजारी लपवू लागले, तर साथ सरकारच्या हातून निसटलीच म्हणायची. पुण्यात तसे झाले. तपासणी जितकी कडक, तितकी लपवाछपवी अधिक.

प्लेग दक्षिणेकडे सरकत बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोहोचला. करवीर राज्याची स्थिती तर फारच नाजूक होती. शिरोळची बाजू मिरजेच्या रेल्वेला लागून. मिरज, सांगली ही संस्थाने वेगळी. खुद्द राज्यातही इचलकरंजी, विशाळगड, बावडा, कागल या जहागिरी आपापला कारभार पाहणाऱ्या. कागलहून थोडे दक्षिणेस गेले की निपाणी, आणि तेथे इंग्रजांचा बेळगाव जिल्हा सुरू. बेळगावहून संकेश्वर-निपाणीच्या वाटेने गाडी-बैल घेऊन येणारा शेतकरी एका दिवसात दोन-तीन सत्तांच्या हद्दी ओलांडी. सर्वांवर नजर ठेवणारे पोलिटिकल एजंट आणखी वेगळे. अशा ठिकाणी हुकूम एकाने काढायचा आणि तो पाळायचा दहांनी. संकटकाळाच्या कारभाराची खरी अडचण औषधाची नसून हीच असते.

कोल्हापूर शहराची नगरपालिका १८५४ पासूनची जुनी. परंतु झाडलोट आणि दिवाबत्ती पाहणाऱ्या संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हते. दरबारने सूत्रे आपल्याकडे घेतली. रेल्वेने येणाऱ्या उतारूंची तपासणी होऊ लागली, साथीच्या गावाहून आलेल्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि गावात रोग दिसताच वस्ती मोकळी करून लोकांनी बाहेर माळावर राहावे असे ठरले. जो पैसेवाला तो आपले छप्पर आपण घालील. गरिबाला वासे, बांबू, गवत कोण देणार? ते दरबारने दिले. लस टोचून घेण्यासाठीही दरबारने लोकांना वळवले. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत ही लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, आणि १८९८ साली हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. आपल्याकडे तिची भीती मोठी होती. अंगात बाहेरचे काही घालून घ्यायचे, या कल्पनेलाच माणसे बिचकत.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडले होते. पण तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसाला लागतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले आणि सर्वांना पटायला पुढे आणखी कित्येक वर्षे गेली. म्हणजे ज्या वेळी ही सगळी धावपळ चालली होती, त्या वेळी शत्रू कोण हेच कारभाऱ्यांना नक्की माहीत नव्हते. फिनाइल शिंपा, चुना मारा, कपडे उकळा, उतारूंना अडवा, असे सारे उपाय एकदम चालत. आज मागे वळून पाहता त्यांतले पुष्कळसे निरुपयोगी ठरतात. खरा गुण आला तो गाव सोडण्याला. कारण घर सोडले की उंदीर मागे राहतात आणि पिसवाही मागे राहतात. हे ज्ञान आमच्या खेड्यांत पुस्तकाशिवाय होते. माझी आजी सांगे की आढ्यावरून उंदीर पडू लागले की म्हातारी माणसे कोणाची वाट पाहत नसत. कुलूप घालून, जात्यासकट संसार उचलून, सारा गाव खळ्यावर आणि शेतात जाई. आमच्याकडे त्याला गाव बाहेर पडणे म्हणत. काही घरे महिनोन्महिने झोपडीत राहिली. लग्ने झोपडीत लागली, बाळंतपणे झोपडीत झाली.

सरकारने नेमका हाच उपाय उचलला आणि त्याला छप्पर, पाणी, दवाखाना आणि पहारा यांची जोड दिली, तर लोक ऐकतात. लोकांना ठाऊक असलेली गोष्ट बंदुकीच्या धाकाने करायला लावली, तर लोक लपतात. रँडसाहेब आणि शाहू महाराज यांच्यातला फरक मला एवढाच दिसतो, आणि तो थोडा नाही. महाराजांचे नियम सौम्य होते असा त्याचा अर्थ कोणी करू नये. घरदार सोडायला लावणे कडकच असते, आणि सोडलेल्या घराच्या काळजीने माणसाला झोप लागत नाही. परंतु हुकूम काढणारा माणूस दुष्काळात आपल्या डोंगरातून फिरून गेलेला आहे, हे रयतेला माहीत होते. दिवाण रघुनाथराव सबनीस आणि इतर कारभाऱ्यांच्या हाती जो अधिकार होता, त्याला त्या विश्वासाचे पाठबळ मिळाले.

तरीही माणसे गेली. करवीर राज्याची लोकसंख्या १८९१ च्या मोजणीत ९ लाख १३ हजारांच्या आसपास होती. १९०१ साली ती ९ लाख १० हजार भरली. शेजारचा बेळगाव जिल्हा १० लाख १३ हजारांवरून ९ लाख ९४ हजारांवर आला. दहा वर्षांत जन्मलेली सगळी पिढी दुष्काळाने आणि गाठीने गिळली, असाच या आकड्यांचा अर्थ. कोणताही राजा असता तरी ही साथ टळली नसती. शेजारच्या मानाने करवीरची तूट कमी दिसते खरी. पण तिचे सारे श्रेय दरबाराला देण्याचा मोह मी आवरतो. पाऊस, जमीन आणि वाटा सगळीकडे सारख्या नव्हत्या.

१८९९ मध्ये पाऊस पुन्हा चुकला. त्याच सुमारास वेदोक्ताचे प्रकरण पेटले. चरित्रे येथे वेदोक्ताकडे वळतात आणि झोपड्यांतली माणसे मागे राहतात. वाद मोठा होता यात शंका नाही. पण एकाच माणसाच्या मेजावर सकाळी प्लेगची खबर, दुपारी तगाईचे अर्ज आणि संध्याकाळी पुरोहितांचा वाद, असे दिवस त्या काळात गेले असतील, हे आपण विसरू नये. त्या वेळी महाराज पंचवीस वर्षांचे होते.

पुढल्या कामांत या वर्षांची खूण दिसते. १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही मुळात व्यापाराची पेठ. परंतु जुन्या शहराच्या कोंडलेल्या बोळांबाहेर रुंद रस्त्यांची वस्ती का हवी, हे प्लेगने पटवून दिले असावे. दुष्काळाने शिकवलेला धडा अधिक मोठा ठरला. दर वेळी धान्य आणून वाटण्यापेक्षा पाणी अडवावे, या विचाराने भोगावती नदीवर राधानगरीचे धरण महाराजांनी हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. पैसा संपला, काम थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. धरण पुढे स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

दुष्काळासाठी बांधलेल्या त्या धरणाकडे कोल्हापूर आता पुरासाठी पाहते. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढले की आपोआप उघडतात, आणि कितवा दरवाजा उघडला याची बातमी शहरात घरोघर पोहोचते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ आणि २०२१ साली ती त्याच्याही पुष्कळ वर गेली. चिखली-आंबेवाडीकडची माणसे मात्र आकडा तिथवर येण्याची वाट पाहत नाहीत. जनावरे आधी हलवतात, मग धान्य, मग म्हातारी माणसे. आणि गाव बाहेर पडते.