गोष्टीतून पुस्तकाकडे नेणारे गिजुभाई

मुले वाचत नाहीत, ही पालकांची तक्रार जुनीच आहे. त्यावरचा सक्तीचा उपायही तितकाच जुना. सुमारे शंभर वर्षांपूर्वी भावनगरमध्ये एका वकिलाने मात्र सक्तीची वाट नाकारली आणि आधी वाचनाची ओढ, मग पुस्तक असा क्रम घालून दिला. ते म्हणजे गिजुभाई बधेका.

गिजुभाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातला. तारुण्यात काही काळ पूर्व आफ्रिकेत काढून ते परतले, कायदा शिकले आणि वकिली करू लागले. 1913 मध्ये मुलगा झाला आणि त्याच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. प्रचलित शाळांतील छडी आणि घोकंपट्टी त्यांना असह्य वाटू लागली. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. पुढे 1920 मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले.

खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत अक्षरओळख करून देण्याची मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी स्वीकारली. परंतु अक्षर ओळखता येणे आणि वाचावेसे वाटणे यांत अंतर आहे, हे त्यांनी जाणले होते. ते अंतर त्यांनी लोककथा, गाणी आणि नाट्य यांनी भरून काढले. परीकथांविषयी मॉन्टेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला शिक्षणात मानाचे स्थान दिले आणि कथाकथनावर 'वार्तानुं शास्त्र' हा ग्रंथ लिहिला.

त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील लक्ष्मीराम हा शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. दंगा करणारी मुले गोष्टीपुढे शांत होतात. गोष्टींची गोडी लागल्यावर तो पुस्तके त्यांच्यापुढे ठेवतो आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे राहते. अभ्यासक्रम कसा पुरा होणार, ही वरिष्ठांची चिंता आणि सहकाऱ्यांची थट्टाही त्यात आहे. कथा काल्पनिक असली, तरी तिच्यामागे बालमंदिरातील अनुभव होता.

मुलांच्या प्रेमामुळे त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, हे नाव मिळाले. 23 जून 1939 रोजी त्यांचे निधन झाले. भावनगरमध्ये त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे हे कार्य महाराष्ट्रात रुजविले आणि 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांपर्यंत नेले.

महागडी पुस्तके घेऊनही मूल ती उघडत नसेल, तर गिजुभाईंचा क्रम आठवावा. रोज रात्री एक गोष्ट सांगावी आणि ती ज्या पुस्तकात आहे, ते मुलाच्या हाताला लागेल असे ठेवावे. त्यावर प्रश्न मात्र विचारू नयेत. गोष्टीची परीक्षा झाली, की तिचा पुन्हा धडा होतो.