श्रीरमण महर्षींचे अखेरचे आजारपण

देह नाशवंत आणि देही अविनाशी, हा गीतेचा सिद्धांत अरुणाचलनिवासी श्रीरमण महर्षींनी रुग्णशय्येवर आचरून दाखविला. गीतेतील ४२ श्लोक त्यांनी साधकांसाठी निवडून दिले होते.

इ. स. १९४८ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या हातावर कोपराजवळ एक लहानशी गाठ दिसून आली. फेब्रुवारी १९४९ मध्ये ती काढण्यात आली. परंतु ती पुन्हा वाढली. तो सार्कोमा नामक दुर्मिळ कर्करोग होता. त्या एका वर्षात चार शस्त्रक्रिया झाल्या; रेडियमचा उपचार झाला, वनौषधी व होमिओपॅथीही झाली. हात छेदण्याचा सल्ला तेवढा महर्षींनी स्वीकारला नाही. एरवी भक्तांनी योजिलेल्या उपचारांस ते शांतपणे संमती देत. दारुण वेदनांतही त्यांनी दर्शनार्थींना विन्मुख पाठविले नाही. व्याकुळ भक्तांना रोगीच धीर देत असे!

१४ एप्रिल १९५० रोजी रात्री, बाहेर भक्तांचे अरुणाचल-भजन चालू असता, त्यांनी देह ठेवला.

उपचार करणे हे कर्तव्य, फळ ईश्वराधीन. व्याधिग्रस्त गृहस्थाने उपचारही सोडू नयेत आणि धीरही सोडू नये, हाच या चरित्राचा बोध होय.