अल-अझहरशी झुंजलेला मुफ्ती

धर्मश्रद्धा आणि आधुनिक ज्ञान यांची सांगड घालायची तर पुढाकार कोणी घ्यायचा, धर्मपंडितांनी की राज्यसत्तेने, हा प्रश्न अरब जगताला दीर्घकाळ सतावत आला आहे. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद अब्दुह यांचे अवघे आयुष्य या प्रश्नाशी झगडण्यात गेले.

अब्दुह यांचा जन्म १८४९ साली नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील एका शेतकरी कुटुंबात झाला. कुराण मुखोद्गत झाल्यावर त्यांना तांता येथील अहमदी मशिदीत शिक्षणासाठी पाठविण्यात आले. तेथे व्याकरणाचे ग्रंथ अर्थ न सांगता पाठ करून घेतले जात. या घोकंपट्टीला कंटाळून ते गावी पळून आले आणि शेती करण्याचा निश्चय करून बसले. वडिलांचे नातलग असलेल्या शेख दरवेश या सूफी वृत्तीच्या वृद्धाने त्यांना समजून-उमजून वाचायला शिकविले, तेव्हा कोठे त्यांचे मन पुन्हा विद्येकडे वळले. १८६६ मध्ये ते कैरोतील सुप्रसिद्ध अल-अझहर विद्यापीठात दाखल झाले. मात्र तेथील अध्यापनाची रीतही फारशी वेगळी नव्हती.

१८७१ साली जमालुद्दीन अफगाणी कैरोत आले आणि अब्दुह यांना हवा असलेला गुरू लाभला. अफगाणींच्या घरी तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि राजकारण यांची चर्चा चाले. युरोपीय सत्तांच्या आक्रमणाला तोंड द्यायचे तर मुसलमानांनी आधी आपली बौद्धिक मरगळ झटकली पाहिजे, हा तेथील विचारांचा गाभा होता. १८७९ मध्ये खेदिव तौफिकने अफगाणींना हद्दपार केले. ते भारतात आले व काही काळ हैदराबादेत राहिले. अब्दुह यांना त्यांच्या गावी धाडण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावून सरकारी गॅझेटच्या संपादनाचे काम देण्यात आले.

१८८१-८२ मध्ये कर्नल अहमद उराबी यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने उठाव केला. अब्दुह प्रारंभी साशंक होते, पण अखेरीस ते उठावाच्या बाजूने उभे राहिले. ब्रिटिश फौजांनी उठाव चिरडून इजिप्तचा ताबा घेतला आणि अब्दुह यांना देशाबाहेर जावे लागले. १८८४ साली पॅरिसमध्ये गुरू-शिष्यांनी ‘अल-उर्वा अल-वुस्का’ हे ब्रिटिशविरोधी नियतकालिक काढले. इजिप्त आणि हिंदुस्थानात त्यावर बंदी आली आणि १८ अंकांनंतर ते बंद पडले.

येथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अफगाणींचा भर शेवटपर्यंत राजकीय उलथापालथीवर राहिला. शिक्षण, न्यायव्यवस्था आणि धर्मविचार सुधारल्याशिवाय क्रांती टिकत नाही, या निष्कर्षाप्रत अब्दुह आले. १८८८ मध्ये ते मायदेशी परतले ते ब्रिटिशांच्या अनुमतीनेच. तरुणांना त्यांच्या हाती सोपविण्यास खेदिव राजी नव्हता, म्हणून त्यांना अध्यापनाऐवजी न्यायाधीशपद देण्यात आले. चाळिशीत ते फ्रेंच शिकले.

१८९५ मध्ये अल-अझहरच्या प्रशासकीय मंडळावर त्यांची नियुक्ती झाली. अध्यापकांचे वेतन, विद्यार्थ्यांचे आरोग्य, ग्रंथालयाची व्यवस्था आणि अभ्यासक्रमातील नवे विषय यांत त्यांनी लक्ष घातले. १८९७ साली त्यांचा ‘रिसालत अल-तौहीद’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विवेक आणि ईश्वरी संदेश यांत विरोध नाही, हे त्याचे सूत्र होते. १८९९ मध्ये ते इजिप्तचे मुफ्ती झाले. अनेक पत्नींना समान न्याय देणे व्यवहारात अशक्यप्राय असल्याने बहुपत्नीत्वावर निर्बंध हवेत, असे त्यांनी कुराणाच्याच आधारे मांडले. १९०३ मध्ये ट्रान्सवालमधील मुसलमानांना त्यांनी युरोपीय टोपी घालण्याची आणि ख्रिश्चनांनी कापलेल्या जनावराचे मांस खाण्याची मुभा दिली. त्या फतव्यावर मोठे काहूर माजले.

त्यांचे खरे दुखणे मात्र राजकीय होते. खेदिव अब्बास हिल्मी त्यांच्या विरोधात गेला होता आणि अल-अझहरमधील जुने पंडित दुखावले होते. पाठीराखा उरला तो ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड क्रोमर. ज्या सत्तेविरुद्ध लेखणी चालविली, तिच्याच छत्राखाली सुधारणा करू पाहणारा मुफ्ती राष्ट्रवाद्यांना सलत होता, तर सनातन्यांना तो धर्मबुडवा वाटत होता. मार्च १९०५ मध्ये त्यांनी अल-अझहरच्या मंडळाचा राजीनामा दिला. ११ जुलै रोजी अलेक्झांड्रियात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशाचे दोन प्रवाह झाले. शिष्य रशीद रिदा यांनी ‘अल-मनार’ मासिकातून मूळ स्रोतांकडे परतण्यावर भर दिला आणि त्या विचाराचा प्रभाव १९२८ साली मुस्लिम ब्रदरहूड स्थापन करणाऱ्या हसन अल-बन्ना यांच्यावर पडला. दुसरीकडे, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारे कासीम अमीन आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते साद झघलूल हेही अब्दुह यांच्याच वर्तुळातले होते. खिलाफत हा इस्लामचा अनिवार्य भाग नाही, असे १९२५ मध्ये लिहिणारे अली अब्द अल-राझिक त्याच परंपरेतले. त्यांना अल-अझहरने पंडितांच्या यादीतून काढून टाकले.

अल-अझहरमध्ये वैद्यक आणि अभियांत्रिकीची दारे उघडली ती १९६१ मध्ये, अध्यक्ष नासर यांच्या कायद्याने. त्याच कायद्याने ही संस्था सरकारच्या पुरती अधीन झाली. पंडितांनी आपणहून बदलावे, ही अब्दुह यांची आस होती. बदल आला, पण तो सरकारी हुकमाने.