प्रार्थनेला चाल देणारे वसंत देसाई



दत्तजयंतीच्या अंकात सिनेमाच्या संगीतकाराचं काय काम, असं कुणी विचारील. पण शाळेत, मंडळात, कधी देवळाच्या सभामंडपातही आपण हात जोडून जी हिंदी प्रार्थना म्हणतो, ती ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटातली. शब्द भरत व्यासांचे, आवाज लताबाईंचा, हे पुष्कळांना ठाऊक असतं. चाल वसंत देसाईंची, हे मात्र सांगावं लागतं.

जन्म ९ जून १९१२, कुडाळकडच्या सोनवडे गावचा. भजन-कीर्तन आणि दशावताराचा तो मुलूख. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली आणि हा पोरगा तिथे दाखल झाला. पडेल ते काम केलं, मूकपटात तोंडाला रंगही लावला. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, केशवराव भोळे अशी थोर मंडळी तिथे चाली बांधत होती. ती बघत, ऐकत शिकले. शांतारामबापूंनी प्रभात सोडून राजकमल काढलं, तेव्हा हेही त्यांच्याबरोबर गेले. ‘शकुंतला’ (१९४३) आला आणि नाव झालं. म्हणजे तेरा-चौदा वर्षं उमेदवारीच! आमच्या बँकेत सहा महिन्यांचं प्रोबेशन असायचं, तेसुद्धा आम्हाला लांबलचक वाटे.

पुढे ‘अमर भूपाळी’त होनाजीची ‘घनश्याम सुंदरा’ त्यांनी अशी बांधली, की अजून पहाटे रेडिओवर लागली की हातातलं काम थांबतं. ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’ त्यांचेच. ‘गूंज उठी शहनाई’साठी तर साक्षात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लाभली.

मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते ती १९६६ सालची गोष्ट. कांचीच्या परमाचार्यांनी विश्वशांतीसाठी ‘मैत्रीम् भजत’ ही संस्कृत प्रार्थना रचली. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी ती न्यूयॉर्कला राष्ट्रसंघात गायली. शब्द शंकराचार्यांचे, गळा तामिळनाडूचा आणि चाल आमच्या कोकणातल्या देसायांची!

‘गुड्डी’तली (१९७१) शाळेची प्रार्थनाही त्यांचीच, वाणी जयराम यांच्या आवाजातली. शाळकरी मुलांकडून समूहगीतं बसवून घेण्यातही त्यांनी फार जीव ओतला.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय अवघं ६३. त्यांचं संगीत असलेला ‘शक’ पडद्यावर आला तो पुढच्या वर्षी.