रामशास्त्री प्रभुणे : धन्याला खरं सांगणारा माणूस

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, रामशास्त्र्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. ध चा मा, नारायणरावांचा खून आणि राघोबादादांना भर वाड्यात ठणकावणारा निःस्पृह न्यायाधीश. मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. मीही बरीच वर्षं थांबत होतो. पण आपण मोठी माणसं रोज जिथे काम करतो, तिथला एक प्रश्न या चरित्रात दडलेला आहे. साहेबांना खरं सांगणारा माणूस मागे का राहतो, आणि हांजी हांजी करणारा पुढे का जातो?

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम तिथे आहे. वडील लहानपणीच वारले. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत शिक्षण जवळपास नाहीच. साताऱ्यात अनगळ सावकारांच्या घरी ते पडेल ते काम करत. तिथली एक गोष्ट परंपरेने सांगतात. सावकारांच्या पायावर पाणी घालताना या तरुणाची नजर त्यांच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली, पाणी भलतीकडेच सांडलं. सावकारांनी टोमणा मारला की अशी मोत्यं घालायला विद्या तरी लागते नाहीतर पराक्रम तरी. टोमणा कडूच होता, पण खोटा नव्हता. पोरगं रुसून घरी गेलं नाही, थेट काशीला गेलं. तिथे बाळंभट पायगुंडे यांच्यासारख्या मोठ्या पंडिताकडे धर्मशास्त्र शिकलं. वय वाढलेलं, सोबतीला बसलेली मुलं लहान. आपल्या वर्गात एखादा विद्यार्थी वयाने मोठा असतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते इथे मला नेहमी आठवतं.

1751 च्या सुमारास ते पेशव्यांच्या चाकरीत शास्त्री म्हणून आले आणि 1759 मध्ये न्यायाधीश झाले. पुढे दोनच वर्षांत पानिपत झालं. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून सावरले नाहीत, जून 1761 मध्ये वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले.

आता हा धनी कसा होता, ते पाहू. वय कोवळं, तिजोरीवर कर्ज, उत्तरेत पत गेलेली, दक्षिणेत निजाम आणि हैदर टपलेले, आणि घरात काका राघोबादादा सत्तेचा वाटा मागत बसलेले. स्वभाव तापट. अशा माणसाला गोड बोलणारे कमी मिळाले असतील असं नाही. पण एक गोष्ट होती : चुकीची बातमी त्यांना परवडत नव्हती. मुलखात खरोखर काय चाललंय ते कळलं नाही, तर उद्या राज्यच राहणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्यांच्या आणि शास्त्रीबुवांच्या नात्यातला एक प्रसंग ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकारानेही नोंदवला आहे. माधवराव मध्यंतरी जपतपात फार रमू लागले होते. एके दिवशी रामशास्त्री कामासाठी गेले, तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्रीबुवा काही न बोलता परत फिरले. दुसऱ्या दिवशी आले ते काशीला जायची तयारी करूनच. रजा मागितली. कारण विचारल्यावर जे सांगितलं त्याचा आशय असा की, ब्राह्मणाने राज्य हातात घेतलं तर रयतेची काळजी हाच त्याचा जप. ते नको असेल तर गादी सोडून माझ्याबरोबर गंगेकाठी चला, दोघे मिळून जप करू. माधवरावांनी ते ऐकलं आणि तो शिरस्ता सोडला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. शास्त्र्यांनी आदल्या दिवशी लोकांसमोर तमाशा केला नाही. मागून कुजबुजही केली नाही. समोर जाऊन बोलले, आणि बोलण्याआधी स्वतःची नोकरी पणाला लावून बोलले. आमच्या एका जुन्या शाळेत (नाव सांगत नाही) निकालाचे आकडे फुगवल्याचं एका सहकाऱ्याने बैठकीत तोंडावर सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांचे वर्ग बदलले, आणि मान डोलावणाऱ्याकडे स्नेहसंमेलनाची जबाबदारी गेली. त्या बैठकीत मीही होतो, आणि मीही गप्प बसलो होतो. हा पाठ शिकवताना मला ते टोचतं, म्हणून इथे लिहिलं.

नोकरी पणाला लावणं रामशास्त्र्यांना जमलं, त्याचं एक कारण त्यांच्या घरात होतं. त्या दिवसाला पुरेल त्याहून जास्त काही घरात ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता असं डफने लिहिलं आहे. पत्नीला वाड्यातून दागिन्यांनी मढवून पालखीतून पाठवलं, तेव्हा हे आपलं घर नव्हे असं म्हणून त्यांनी पालखी माघारी वळवायला सांगितलं, ही कथाही घरोघरी सांगतात. दक्षिणेच्या वेळी आपला भाऊ रांगेत आला तेव्हा त्याला इतरांइतकीच दक्षिणा द्यावी, भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी घरी देईन असं ते म्हणाले, हीसुद्धा तशीच एक. यात दंतकथा किती ते सोडा. ज्याचं धन्यावाचून काही अडत नाही, त्याचीच जीभ मोकळी राहते. घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा करताना आपण जरा जपून करावी.

18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव थेऊरला क्षयाने गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, वय सतरा. आणि 30 ऑगस्ट 1773 ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांना काकाच्या डोळ्यांदेखत मारलं. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावं मुलांना पाठ असतात. धरावे या शब्दाचं मारावे झालं आणि ते आनंदीबाईंनी केलं, ही समजूत तेव्हापासून चालत आली.

त्यानंतरचे दिवस आपण वर्गात घाईने उरकतो, आणि खरी मेख तिथेच आहे. कुणाचा हात होता, हे पुण्यात कोणाला कळत नव्हतं का? कुजबुज तर सगळीकडे होती. तरी राघोबादादांच्या नावाने साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली. सखारामबापूंसारखे मुरलेले मुत्सद्दी, नाना फडणीस, सगळे दरबारात हजर राहिले आणि पुढे मोहिमेवरही बरोबर निघाले. माझ्या वर्गातल्या एका मुलीने एकदा विचारलं की सर, बाकीचे काय बोलले? काय सांगणार? बाकीचे मुजरा करत होते.

राघोबादादा काही नालायक सरदार नव्हते. त्यांच्या फौजा 1758 मध्ये पंजाबात लाहोरापर्यंत गेल्या होत्या. पण गादी आपली होती आणि ती हुकली, हा सल त्यांना आयुष्यभर पुरला. ज्याला आपल्या खुर्चीचीच खात्री नसते, त्याला रोज कोणीतरी सांगावं लागतं की खुर्ची तुमचीच. तसं सांगणारा त्याला आपला वाटतो आणि चूक दाखवणारा शत्रूपक्षाचा. माधवरावांना खऱ्या बातमीची गरज होती, दादांना दिलाशाची. दोघांनीही आपापल्या गरजेप्रमाणे माणसं जवळ केली. शिवाय खरं ऐकलं की पुढे काहीतरी करावं लागतं, स्तुती ऐकून काहीच करावं लागत नाही. मुख्याध्यापक असोत, साहेब असोत की घरात आपण आईबाप असू, हा मोह सगळ्यांना सारखाच.

रामशास्त्र्यांनी मात्र आपलं काम सुरू ठेवलं. साधारण दीड महिना चौकशी केली, पुरावा गोळा केला आणि मग दादांकडे गेले. हेही महत्त्वाचं आहे. नुसता आवाज चढवणं म्हणजे स्पष्टवक्तेपणा नव्हे, त्यांच्या हातात कागद होता. दादांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं, मारण्याचा नाकारला, आणि प्रायश्चित्त काय ते विचारलं. पेशव्याने आपल्याच नोकराला विचारलेला हा प्रश्न. दानधर्म, यात्रा, ब्राह्मणभोजन असं काहीही सांगून सुटता आलं असतं, दादा खूश झाले असते आणि शास्त्रीबुवांना इनामही मिळालं असतं. त्यांनी देहान्त सांगितला. तुमच्या राज्यात मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही असंही सांगितलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. (प्रभातचा 1944 चा रामशास्त्री चित्रपट घरी मुलांबरोबर जरूर पाहा, गजानन जागीरदारांचं काम अजूनही तसंच लागतं.)

दादांना शिक्षा झाली नाही. शास्त्र्यांच्या शब्दामागे फौज नव्हती. पण मोहिमेवर गेलेले मुत्सद्दी एकेक सबब सांगून परतले, बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं, आणि नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिच्या नावाने पुरंदरावरून कारभार सुरू झाला. मुजरा करणाऱ्यांपैकी दादांजवळ फार थोडे टिकले. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, आणि सालबाईच्या तहानंतर 1783 मध्ये ते कोपरगावी वारले.

बारभाईंनी रामशास्त्र्यांना मानाने परत बोलावलं. त्या बोलावणाऱ्यांत, दादांच्या दरबारात गप्प बसलेली माणसंही होती. शास्त्रीबुवा आले, पुन्हा न्यायासनावर बसले आणि 25 ऑक्टोबर 1789 ला वारले तोवर तेच काम करत राहिले.