खेळपट्टी घडवणारे बाळू

मैत्रिणींनो, आमच्या छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक तुम्हाला ठाऊक असेलच. १८५७ च्या उठावात इथल्या काळ्या चबुतऱ्यावर शिपायांना मृत्युदंड दिला गेला. त्या चौकातून जाताना मला आणखी एक लढवय्ये आठवतात. त्यांच्या हातात फक्त चेंडू होता. ते म्हणजे बाळू पालवणकर.

जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले, तिथे ४ रुपये मिळू लागले. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हाती यायची नाही.

पण त्या कामानं त्यांना माती शिकवली. कणीक नीट मळली नाही की पोळी कशी बिघडते, तसंच खेळपट्टीचं असतं बघा. रोलर नीट फिरला, माती घट्ट बसली, की चेंडू सारख्या उंचीवर येतो. ओली खेळपट्टी उन्हात सुकायला लागली की फिरकी चेंडू मातीला धरतो, एकदम वळतो आणि भलाभला खेळाडू पहिल्याच चेंडूला चकतो. गोल्फमध्येही पहिला फटका सोपा की अवघड, हे गवत आणि वारा ठरवतात.

१९११ साली बाळू इंग्लंडला गेले. त्या वर्षी तिथे कडक, कोरडा उन्हाळा होता. मैदानं अनोळखी, तरी त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले!

एवढं करूनही चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं १९२३ मध्ये, त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना. बाळू १९५५ मध्ये गेले.

मला वाटतं, कोण कसं खेळलं हे ठरवताना त्याला मैदान कसं मिळालं तेही बघावं. परीक्षेत लेकीला मार्क कमी पडले, तर रागवण्याआधी एवढं आठवू या, की अभ्यासाला बसायला तिला घरात एक शांत कोपरा तरी मिळाला होता का?